आईंना गाडीतून उतरवायचं राहिलं

हे कोणाच्या मावसबहिणीच्या नणंदेला घडलेलं नाही. मला घडलंय. मी त्या गाडीत होते, मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी.

रात्र नव्हती. गेल्या वर्षीचा सतरा ऑगस्ट, दुपारचे साडेतीन. किर्यू शहराच्या वरच्या अंगाला वातारासे नदीच्या काठाकाठाने जाणारा रस्ता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

पुरावा मागू नका. माझ्या मुलीच्या वरच्या ओठावर एक व्रण आहे, तेवढाच.

माझी एक वाईट खोड आधीच सांगून टाकते. कोणी कोणासाठी काय केलं, हे माझ्या डोक्यात आपोआप नोंदलं जातं. पुसलं जात नाही.

तर नोंद अशी. माझ्या सासूबाई, फुमिए, सहा वर्षं अंथरुणावर होत्या. थोरले भाऊजी हिदेमासा आणि जाऊबाई रिएको ताकासाकीला राहतात. सहा वर्षांत जाऊबाईंनी सासूबाईंना संडासापर्यंत एकदाही नेलं नाही. मी रोज नेलं, पाठुंगळी घेऊन. येताना जाऊबाई महागडी द्राक्षं आणायच्या. सासूबाई ती हातात धरून म्हणायच्या, "रिएकोला किती कळतं, नाही का ग, कायो?"

कायो म्हणजे मी.

फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. आणि सासऱ्यांची गाडी थोरल्यांकडे गेली.

फिकट निळी, चार दारांची, १९६८ सालची. सासऱ्यांनी ती मुलासारखी जपलेली. रस्त्यात लोक थांबून फोटो काढायचे. जाऊबाई पुढच्या सीटवर पांढरे हातमोजे घालून बसायच्या. एखाद्या राणीसारख्या.

माझा जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू?

पण भीतीही खरी होती. ओबोनला, म्हणजे पितरांच्या सणाला, गाडी दारात आली तेव्हा मी पहिल्यांदा मागचं दार उघडून आत पाहिलं.

"भाऊजी, मागे पट्टे कुठे आहेत?"

"नाहीत. त्या काळी नव्हतेच."

"मग कोतोनेची लहान मुलांची खुर्ची कुठे बांधता?"

कोतोने त्यांची मुलगी. तेव्हा चार वर्षांची.

"बांधतच नाही. कायदाच तसा आहे. ज्या गाडीला मुळातच पट्टे नाहीत, तिला माफी. तपासणी पास झालीये, कागद दाखवू?"

"नियमात बसतं हो. पण पोर कशाच्या आधाराने बसतं?"

माझा नवरा तोमोहारु हसला. "आम्ही दोघं याच सीटवर वाढलो. मेलो का?"

"तुम्हाला आई बांधायच्या," मी म्हटलं.

ते खरं होतं. सासूबाईंकडे पोर पाठीशी बांधायचा जाड निळा सुती शेला होता. सीटच्या फटीतून तो आतल्या लोखंडी दांडीला अडकवायचा, मग मुलाच्या छातीवर फुली करून मागे गाठ मारायची. दोन मुलं, एक शेला. त्यामुळे बांधलं जायचं ते नेहमी थोरल्यालाच. धाकटा दाराची मूठ धरून बसायचा. माझा नवरा हे हसत हसत सांगतो. दर वेळी सांगतो.

तो शेला आम्ही सासूबाईंबरोबर शवपेटीत ठेवला. मी माझ्या हाताने ठेवला. त्याची राख झाली.

हे लक्षात असू द्या.

ओबोनमध्ये गेलेली माणसं तीन दिवस घरी येतात. आमच्या भागात त्यांना अस्थी ठेवलेल्या थडग्यापासून घरी पाठुंगळी घेऊन आणतात. थडग्याकडे पाठ करायची, वाकायचं, हात मागे जोडायचे, म्हणायचं, "या." तेरा ऑगस्ट, सासूबाईंचा तो पहिलाच ओबोन. गावातले झाडून सगळे आले होते.

मी पुढे सरकणार, तोवर जाऊबाई वाकल्याही.

"या आई, बसा पाठीवर. सावकाश हं."

अशा चालल्या की पाठीवर काचेचं भांडं असावं. निळ्या गाडीचं उजवीकडचं मागचं दार उघडलं, आईंना "बसवलं", दार लावलं. आमच्या शेजारच्या कोमाताआजी डोळे पुसत म्हणाल्या, "सून असावी तर अशी!"

सहा वर्षं मी उचललं. तीन मिनिटं त्यांनी उचललं.

नोंद झाली.

घरी पोचलो. गाडी थांबते न थांबते तोच कोतोने ओकली. त्या गाडीत पेट्रोलचा वास कोंडतो. एकच धावपळ. पाणी आणा, टॉवेल आणा, फ्रॉक बदला. जाऊबाई पोरीला घेऊन न्हाणीघराकडे पळाल्या. भाऊजी सीट पुसायला लागले. मग सगळे आत गेले.

उजवीकडच्या दारातून आईंना कोणीच उतरवलं नाही.

कोणी वाकलं नाही. कोणी "चला आई" म्हटलं नाही.

मी पाहिलं. मी एकटीने पाहिलं...

आणि गप्प बसले.

मनात म्हटलं, राहू दे. सोळा तारखेला सगळ्यांसमोर विचारीन, "ताई, आईंना उतरवलंत ना गाडीतून?" मग बघू कोमाताआजी काय म्हणतात.

तीन दिवस देवघरात कंदील जळला. भात ठेवला, चहा ठेवला. पितरांना यायला काकडीचा घोडा, परत जायला वांग्याची गाय, सगळं मांडलं.

आणि आई दारातल्या गाडीत.

सोळाला आईंना परत पोचवायचं होतं. निळी गाडी उन्हाने तापलेली, सुरूच होईना. मग आमच्या छोट्या व्हॅनमधून निघालो. जाऊबाई देवघरापुढे वाकल्या, रिकामी पाठ घेऊन उठल्या. विचारायची वेळ हीच होती. पण मला सुचलं, लोक मलाच म्हणतील, तू पाहिलंस तर तेव्हाच का नाही बोललीस?

पुन्हा गप्प बसले.

सतराला दुपारी थोरले निघायचे होते. त्याआधी मुलींना नदीकाठी बर्फाचा गोळा खायला न्यायचं ठरलं. निळी गाडी आता एका फटक्यात सुरू झाली.

"शिओरी व्हॅनमध्ये बसेल, तिच्या खुर्चीत," मी म्हटलं. शिओरी माझी. पाच वर्षांची.

"कोतोने आजोबांच्या गाडीत बसते, मग मी का नाही?" शिओरीने तोंड वेंगाडलं.

जाऊबाईंनी हातमोजे चढवले. "राहू दे ग बाळा. तुझी आई भित्री आहे. आणि ही गाडी तशी आमचीच ना, उगाच कशाला."

आमचीच.

त्या एका शब्दासाठी मी माझ्या मुलीला पट्टा नसलेल्या सीटवर बसवलं. हे मी कुणापुढेही कबूल करेन.

भाऊजी चालवत होते. शेजारी जाऊबाई. मागे उजवीकडे कोतोने, मध्ये शिओरी, डावीकडे मी. नवरा व्हॅन घेऊन पुढे गेलेला.

पहिल्या वळणावर वास आला.

पेट्रोलचा नाही. कापराच्या मलमाचा... सासूबाईंच्या कमरेला मी रोज चोळायचे तो.

मी हात हुंगले. नाही. हातांना नव्हता.

"ताई, तुम्ही मलम लावलंय का?"

"मी? मी काय म्हातारी आहे?"

मग आवाज आला. जाड कापड लाकडावरून ओढल्यासारखा.

सर्र...

थांबला. पुन्हा, सर्र...

सीटच्या फटीतून.

"काकू," कोतोने म्हणाली, "घट्ट होतंय."

"काय घट्ट होतंय, राणी?"

"हे." तिने मान खाली केली. हात अंगाला चिकटलेले. हलवत नव्हती. "जरा सैल करा ना."

मी पाहिलं. पिवळा फ्रॉक. बाकी काही नाही.

पण फ्रॉकवर चुण्या पडत होत्या. छातीवर... तिरप्या... दोन्ही बाजूंनी... फुलीसारख्या.

"भाऊजी, गाडी थांबवा."

"इथे? वळणावर?"

"थांबवा म्हणते ना!"

"अग, या गाडीला थांबायला वेळ लागतो. आजकालच्यासारखे ब्रेक..."

तेवढ्यात माकडांची टोळी रस्त्यावर उतरली.

भाऊजींनी ब्रेकवर पाय दाबला. गाडी थांबली नाही. उजवीकडे ओढली गेली, मागून फिरली. आणि उजवीकडचं मागचं दार... ज्याला नेहमी जोरात ओढून लावावं लागायचं ते... सताड उघडलं.

दाराबाहेर कठडा. कठड्याखाली नदी.

मी शिओरीला धरायला हात टाकला. माझ्या हाताला फक्त तिची रिबीन लागली. ती उडून पुढच्या सीटच्या कडेवर आपटली.

गाडी थांबली.

धूळ. जळक्या रबराचा वास. शिओरीच्या तोंडातून रक्त.

आणि कोतोने?

उघड्या दाराशी बसली होती. ताठ. पाठ सीटला टेकलेली. केससुद्धा विस्कटले नव्हते. तिची टोपी तेवढी खाली पाण्यात गेली.

जाऊबाई किंचाळत आल्या आणि तिला उचलायला लागल्या.

उचलली जाईना.

भाऊजींनी ओढलं. सोळा किलोची पोर. दोघांना हलेना. कोतोने रडतही नव्हती. मान वळवून शेजारी बघत होती. तिच्या आणि शिओरीच्या मध्ये जी टीचभर जागा होती, तिकडे...

आता माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगते. पोर वाचली, देवाची कृपा, असं नाही आलं.

मांडीवर रक्ताळलेली मुलगी घेऊन मी त्या टीचभर जागेकडे बघून ओरडले, "सहा वर्षं मी केलं! सहा वर्षं! आणि बांधलंत ते तिच्या मुलीला?"

जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"कायो... कोणाशी बोलतेयस?"

 कोतोने सुटली. त्याच क्षणी. अशी सुटली की भाऊजी पोरीसकट मागे पडले.

तिच्या छातीवर लाल फुली होती. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, गाठीएवढा वळ. डॉक्टर म्हणाले, "पट्ट्याचा वळ आहे. बरं झालं लावला होता. दुसरीलाही लावायचा होता."

थोरले रेल्वेने घरी गेले. गाडी आमच्याकडेच राहिली. जाऊबाई म्हणाल्या, "ठेव तुला. हवी होती ना?"

तेरा तारखेचं मी अजूनही कोणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

शरदातल्या पितरांच्या आठवड्यात मी एकटी शेडमध्ये गेले. उजवीकडचं दार उघडलं. पाठ केली. वाकले.

"चला आई. चुकलं माझं. मी नेते तुम्हाला."

पाठीवर कोणी आलं नाही. दहा मिनिटं वाकून उभी होते. सहा वर्षं जे वजन माझ्या पाठीला पाठ होतं, ते आलं नाही. आतून फक्त मलमाचा वास येत राहिला.

गाडी विकून टाकू म्हटलं, तर नवरा ऐकेना. "दादाला मिळाली तेव्हा मी काही बोललो का? आता आलीये माझ्याकडे." थोरल्याच्या गाडीवर त्याचाही डोळा होता तर! इतकी वर्षं हसत होता, म्हणून मला कळलं नाही.

यंदा मे महिन्यात त्याने मागे पट्टे बसवून घेतले. दोन्ही बाजूंना, खांद्यावरून येणारे, नवे. मिस्त्रीने सांगाड्याला वेगळं लोखंड जोडलं. ब्रेक बदलले, दाराचं कुलूप बदललं. "आता तुझ्या व्हॅनइतकी सुरक्षित," नवरा म्हणाला. मी शिओरीला तरी बसू दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी उजवीकडचा पट्टा लावलेला दिसला. रिकाम्या सीटवर, बकलात अडकवलेला. आणि आखडलेला... लहान मुलाच्या मापाला.

मी सोडला. सकाळी पुन्हा लावलेला.

रोज.

डावीकडचा तसाच लोंबत असायचा. त्याला कोणी हात लावला नव्हता. आणि इतकं सगळं होऊनही तो लोंबता पट्टा पाहून मला दर वेळी टोचायचं. माझ्या मुलीची बाजू ती.

गेल्या सोमवारी नवरा शेडमधून ओरडला, "कायो, डावीकडचा पट्टा तू लावून ठेवलास?"

मी गेले. लावलेला होता. शिओरीच्या मापाचा.

आणि मला आधी बरं वाटलं. एक क्षण. शेवटी आमचीही आठवण झाली म्हणून.

मग मी बटण दाबून तो सोडला. हाताला गरम लागला. आत्ता कोणीतरी उठून गेल्यासारखा. शेडमध्ये ऊन येत नाही.

मी तिथूनच शाळेत फोन केला. शिओरी पहिलीत आहे.

"आहे ना, वर्गातच आहे," बाई म्हणाल्या. "मधल्या सुट्टीला सगळी मुलं बाहेर पळाली, ही मात्र जागेवरून उठतच नाहीये. मी आत्ता उचलून बघितलं... कायोसान, तुम्ही जरा येता का?"

मी व्हॅन काढली. शेडचं दार उघडंच राहिलं. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही.