मोठी चिप कोणाला?

मिरजेतल्या त्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि तेजस्विनी मगदूमच्या लॅपटॉपचा पंखा काही केल्या फिरत नव्हता. एरवी तो गरगरू लागला की खोलीतली माणसं वैतागायची. आज तो फिरावा म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती.

लॅपटॉपमध्ये चित्र रेखणाऱ्या चिप दोन. एक मुख्य प्रोसेसरमध्येच बसवलेली, छोटी, थोडक्या विजेत भागवणारी. दुसरी वेगळी, मोठी, वीज ढोसणारी, पण अवघड गणित मिनिटांत उरकणारी. ती चालू झाली की पंखा फिरे. पूर्वी कुठल्या कामाला कुठली चिप द्यायची, हे माणूस ठरवायचा. दोन वर्षांपासून ते ‘पारखी’ ठरवत होता. माणसांच्या सवयी शिकून चिप वाटून देणारा हा प्रोग्रॅम खोलीतल्या तिन्ही लॅपटॉपांवर एकच होता, एकाची सवय तिघांना लागू, आणि हातानं चिप बदलायची सोय कंपनीनं काढूनच टाकली होती.

पडद्यावर आठ महिन्यांच्या रेवा पाटोळेची श्वासनलिका होती. प्रत्येक श्वासागणिक ती मिटत होती. तिला बाहेरून आधार देणारं नखाएवढं आवरण तेजस्विनीनं आखलं होतं. त्यानं हवा नीट जाते का, एवढीच चाचणी उरली होती. मोठ्या चिपवर वीस मिनिटं, छोटीवर नऊ तास. रेवाच्या हातात फार तर दीड तास होता.

डॉ. मुजावर दारात आले. “कुठवर आलं गं? पोरीचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आलाय.”

“सर, पारखी मोठी चिप देईना.”

“मग सांग की त्याला, तातडीचं आहे म्हणून!”

“दहा वेळा सांगितलं.”

तिनं अकराव्यांदा बटण दाबलं. उत्तर तेच आलं: ‘तुमच्या सवयीनुसार हे काम थांबू शकतं.’

तेजस्विनीला रडूच फुटलं. सवय तिचीच होती. डिझाइनचा प्रोग्रॅम उघडला की पारखी विचारायचा, ‘तातडीचं आहे?’ दुपारच्या भारनियमनात बॅटरी पुरावी, पंख्याची कटकट नको, म्हणून खोलीतले तिघंही न वाचता ‘घाई नाही’ दाबायचे आणि डबे उघडायचे. रोज, दोन वर्षं. पारखी बिचारा गुणी विद्यार्थी निघाला, शिकवलं ते विसरलाच नाही.

मग तिला शेजारच्या टेबलावरच्या हणमंतचा लॅपटॉपवरचा क्रिकेटचा खेळ आठवला. जेवता जेवता तो खेळायचा आणि त्या खेळाला कधी कुणी ‘घाई नाही’ म्हटलं नव्हतं, म्हणून पारखी त्याला मोठी चिप द्यायचा. तिनं डिझाइनच्या प्रोग्रॅमचं नाव पुसलं, त्याला खेळाचं नाव दिलं आणि तो पुन्हा उघडला.

पंखा घोंघावत सुटला. ती डोळे पुसत वेड्यासारखी हसली.

बाविसाव्या मिनिटाला पडद्यावर हिरवी खूण आली, चाचणी पास. शेजारच्या खोलीतल्या थ्री-डी छपाईयंत्रानं आवरण घडवलं, ते निर्जंतुक होऊन डबीत आलं. डॉक्टरांनी डबी उचलली. आता अहवालावर आखणाऱ्याची सही हवी होती. तेजस्विनीनं पेन टेकवलं आणि तळाची बारीक ओळ वाचली.

‘खेळाची पद्धत वापरली. चित्र अडखळू नये म्हणून काही आकडे अंदाजानं भरले आहेत.’

खेळात चेंडू केसभर इकडेतिकडे गेला तर कुणाचं काय जातं? ही तर लेकराची श्वासनलिका होती.

“सर, थांबा.” तिनं अहवाल पुढे केला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “कुठले आकडे?”

“ते पारखी सांगत नाही.”

“नीट चाचणी?”

“नऊ तास.”

आतून नर्सनं हाक मारली, “सर, एकोणऐंशी!”

डॉक्टरांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. “त्याचा अंदाज राहू दे. आवरण तू आखलंयस, तेजस्विनी. तुझा अंदाज सांग. बसवू?”