तीन पायांचा कुत्रा

"उघडा ना हो लवकर!" घरच्या सुनेने, मार्जरीने, टाळ्या पिटल्या, आणि कँटनहून आलेल्या त्या काळ्या लाखेच्या पेटीभोवती पाहुण्यांची एकच झुंबड उडाली!

ग्रिझेल मात्र चहाची किटली घेऊन मागेच उभी राहिली. आई गेल्यावर धाकट्या भावाला, मुंगोला तिनेच वाढवलं, त्याच्यापायी चालून आलेलं स्थळही परत पाठवलं... आणि आज सकाळी त्याच मुंगोने, स्वतःच्या बुटांकडे बघत, तिला सांगितलं होतं, "ताई, एका घरात दोन बायकांचं जमत नाही म्हणते मार्जरी. तू डंडीला आत्याच्या सोबतीला राहायला गेलीस तर?..." ग्रिझेल 'बरं' म्हणाली होती. मुंगोच्या खात्यात तिने नेहमी नुसतं घालायचं. काढायची सवयच नव्हती!

आपल्या जहाजातून पेटी घेऊन आलेल्या कॅप्टन टलकने झाकण उचललं. आत मोतीशिंपल्याच्या लखलखत्या सोंगट्या! पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी लावायच्या, प्रत्येकीवर घराण्याची ढाल कोरलेली.

"इथून मागणी गेली त्याला दोन वर्षं झाली," कॅप्टन ऐटीत म्हणाला. "पण चिनी कारागीर म्हणजे कागदावर असेल तस्सं, माशीला माशी!"

"म्हणूनच कुत्र्याला तीन पाय वाटतं!" कोणीतरी खिदळलं.

ढालीच्या एका अर्ध्या भागात नवऱ्याच्या घराण्याचा शिकारी कुत्रा होता. दुसऱ्या अर्ध्या भागात बायकोच्या माहेरचं चिन्ह हवं, म्हणजे मार्जरीच्या माहेरचं हरण. तिथे होते बगळे!

"अगंबाई! हे तर लिलियसच्या घरचे बगळे!" शेजारच्या जेनेटकाकू ओरडल्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!

मुंगो पांढराफटक पडला. 'तुझ्याआधी माझ्या मनात कोणीच नव्हतं,' असं त्याने मार्जरीला शपथेवर सांगितलं होतं. लिलियसशी त्याने गुपचूप लग्न ठरवलं होतं, ते मोडलं तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ती एकटी ग्रिझेल...

"चूक माझी आहे!"

आवाज आपलाच आहे हे ग्रिझेलला क्षणभराने कळलं. "चित्र मी पाठवलं, वहिनी. लिलियस या घरात यावी अशी माझीच इच्छा होती. मुंगोला यातलं काहीच ठाऊक नाही."

"वा, बाईसाहेब! म्हणजे मी आले ते तुमच्या मनाविरुद्ध?"

"होय," ग्रिझेल म्हणाली, आणि तिचं अंतःकरण विदीर्ण झालं! "मी आजच डंडीला निघते."

मुंगो बोलेल... आता तरी बोलेल... पण मुंगोने पुन्हा बुटांकडेच पाहिलं!

मार्जरीने सोंगटी निरखली. मग हातातला पंखा सावकाश उलगडला. लग्नाआधी लाडीगोडी लावताना मुंगोने त्याच्या कोपऱ्यात शाईने आपल्या घराण्याचा कुत्रा काढून दिला होता. तीन पायांचा!

"बाईसाहेब, माझ्या पडद्यांवर भरायला तुम्ही हरणं काढून दिलीत, त्यांच्या खुरांच्या फटीसुद्धा मोजून घ्याव्यात. आणि कुत्र्याचा पाय विसरलात?" तिने नवऱ्याकडे मान वळवली. "तीन पायांची कुत्री काढणारा या मुलखात एकच माणूस आहे, आणि मी त्याच्याशी लग्न करून बसलेय!"

"ताई!..." मुंगो ग्रिझेलच्या पायांशी कोसळला. "क्षमा कर... मी भ्याड आहे!"

"लिलियसबद्दल मी माफ करीनही, कधीतरी," मार्जरी म्हणाली. "पण जिने आईची माया दिली, तिला आळ अंगावर घेऊ दिलास? आणि मी मूर्ख, तिलाच घराबाहेर काढायला निघाले होते! आत्याला सोबत हवी ना? मग थंडीभर तूच जाऊन राहा डंडीला!"

सारे हसले. ग्रिझेलचे अश्रू मात्र थांबेनात! सवयीने ती चहा ओतायला वळली, तशी मार्जरीने तिच्या हातून किटली काढून घेतली, तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि पत्ते आणि बगळ्यांच्या सोंगट्यांचा ढीगच्या ढीग तिच्यापुढे लोटला.

"मला खेळता येत नाही, वहिनी..."

"मघाशी तर एवढ्या लोकांत बेमालूम पान लपवलंत की!... कॅप्टन, नव्या सोंगट्यांचं चित्र उद्या घेऊन जा. काढून द्याल ना, वन्सं?"

वन्सं! वर्षभरात ही हाक ग्रिझेल पहिल्यांदाच ऐकत होती. तिने डोळे पुसले, पत्ते उचलले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भावाची थट्टा केली.

"काढीन की. कुत्र्याला चार पाय काढू ना?"

"छे!" मार्जरी चहा ओतत म्हणाली. "तीनच असू द्या. विसरायला नको त्याला!"