राहिलेला होकार

“मनोरमाताई एकेकाळी बॅडमिंटन खेळायच्या,” निवेदिका म्हणाली आणि मनवेलपाड्याच्या त्या हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

“राज्य अजिंक्यपद... सलग तीनदा,” मागच्या रांगेतून थरथरता आवाज आला. “एकोणसाठ, साठ, एकसष्ट.”

मुलांच्या बॅडमिंटन स्पर्धेची बक्षिसं द्यायला आलेल्या मनोरमाबाईंनी चष्मा सारखा केला. शहाऐंशीव्या वर्षी चेहरे चटकन ओळखू येत नसत, पण हा आवाज ओळखला. दिनानाथ. मिश्र दुहेरीतले त्यांचे जोडीदार.

कार्यक्रम संपल्यावर त्या काठी टेकत त्यांच्यापाशी गेल्या.

“तुम्ही... इथे?”

“नात खेळते. बायको गेल्यावर मुलाने इथे जवळच, चंदनसारला आणलं. तुम्ही?”

“इथेच राहते, मागच्या गल्लीत. वसईच्या शाळेत मुलींना खेळ शिकवला, निवृत्त होईपर्यंत. एकटीच आहे.”

“ऐकलं होतं,” म्हणत त्यांनी नजर खाली वळवली.

त्या काळी मुलीने पांढरा स्कर्ट घालून खेळावं, हेच लोकांना सोसत नसे. मनोरमाबाई लाकडी रॅकेट घेऊन त्याच लोकांसमोरून ताठ मानेने जायच्या. बासष्टच्या राष्ट्रीय स्पर्धेआधी दिनानाथांनी त्यांना लग्नाचं विचारलं. “स्पर्धा झाली की सांगते,” त्या म्हणाल्या. उपांत्य फेरीत हरल्या, आणि मग दिनानाथांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. तीन वर्षं वाट पाहून दिनानाथांनी दुसरीकडे लग्न केलं.

कुणीतरी दोघांना चहा आणून दिला.

“एक विचारू?” दिनानाथ म्हणाले. “माझं काय चुकलं होतं?”

“तुमचं काहीच नाही.” मनोरमाबाई कपाकडे बघत राहिल्या. “वडील म्हणाले, लग्नाच्या नादात खेळ गेला. मला ते खरं वाटलं. तुम्ही दिसलात की हरलेला सामना आठवायचा... खरं तर पायात गोळा आला होता, दिनानाथ. एवढंच झालं होतं. स्वतःशी कबूल करायलाच फार वर्षं गेली.”

दिनानाथांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे माझ्या लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच.”

“हो.”

“हो म्हणजे... राहिलं?”

“हो म्हणजे हो.”

दिनानाथ हसले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले.

लग्न काही त्यांनी केलं नाही. पण रोज पाचच्या सुमाराला दिनानाथांची रिक्षा मागच्या गल्लीत थांबू लागली. त्यांच्या दातांना जड जातात म्हणून मनोरमाबाई सुकेळी, वसईची ती वाळवलेली केळी, बारीक चिरून ठेवायच्या. जुन्या सामन्यांवरून दोघं तावातावाने भांडायची. “तो शॉट माझा होता.” “तुमचा? तुम्ही तर नुसत्या बघत उभ्या होता.” दिनानाथांच्या सुनेला, विनिताला, आधी हे जाणं-येणं रुचलं नाही. मग एक दिवस तीच त्यांना सोडायला आली आणि चहाला थांबली.

चौदा महिने असे गेले. मग दिनानाथांना न्यूमोनिया झाला.

अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सने मनोरमाबाईंना अडवलं. “फक्त घरच्यांनाच सोडतो, आजी. तुम्ही कोण त्यांच्या?”

मनोरमाबाईंनी दाराच्या काचेतून आत पाहिलं. जोडीदार म्हणावं, तर ती गोष्ट साठ वर्षांपूर्वीची...

मागून विनिता आली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“सोडा त्यांना,” ती नर्सला म्हणाली. “सासूबाई आहेत माझ्या.”

मनोरमाबाई आत गेल्या. दिनानाथांनी डोळे उघडले, बोटं हलवली. मनोरमाबाईंनी तो हात हातात घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले, तेव्हाही तो मनोरमाबाईंच्याच हातात होता.