फितीचं दुसरं टोक

नदीकाठच्या किल्ल्यातला तुरुंग हलवून दोन वर्षं झाली होती, आणि किल्ल्याच्या पोटातल्या गोल चढणवाटेत शतकानुशतकं साचलेला गाळ त्या हिवाळ्यात एकदाचा उपसून झाला. वर पोपांनी बुरूज चढवले, तोफा मांडल्या, दालनं रंगवून घेतली. पण सगळ्यांत आतली ही वाट मुळातली, रोमन बादशहाच्या थडग्याची. त्याच्या अस्थी घेऊन माणसं याच वाटेनं वर गेली होती. एप्रिलात तिच्या मोजणीचं काम उल्देरिको मांचिनेल्लीकडे आलं.

उल्देरिको पन्नाशीला टेकलेला, सडाफटिंग मोजणीदार. बावीस वर्षांत त्याचा एकही नकाशा दुरुस्तीसाठी परत आला नव्हता. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा, की नदीपलीकडच्या बिऱ्हाडात त्याच्यासोबत राहणारी विधवा बहीण दोमितिल्ला म्हणायची, "तू गेलास की थडग्यावर नाव नको घालायला. नुसतं क्षेत्रफळ लिहू."

मदतीला झेनोबियो होता. म्हातारा गवंडी, उल्देरिकोबरोबर बारा वर्षं फीत धरून हिंडलेला, तरी त्याला 'सोर', म्हणजे साहेब, म्हणणारा. फीत वीस मीटरची, चामड्याच्या डबीत गुंडाळलेली, टोकाला पितळी कडी. झेनोबियो कडी घेऊन पुढे जायचा, उल्देरिको डबी घेऊन मागे थांबायचा. पण वाट सारखी वळत वर चढते, त्यामुळे वीस मीटरवरचा माणूस दिसत नाही. हाका मारण्यात अर्थ नव्हता. आवाज छताला घासत फिरायचा आणि भलतीकडूनच कानावर यायचा. म्हणून खूण ठरलेली होती. एक हिसका म्हणजे धरलंय. पुढच्यानं दोन हिसके दिले, की मागच्यानं सोडून पुढे यायचं.

पहिल्या दिवशी लांबी भरली एकशे बावीस मीटर चाळीस. दुसऱ्या दिवशी पडताळा घेतला, तर एकशे सव्वीस.

"काल किती ढोसलीस?" उल्देरिकोनं विचारलं.

"ढोसलेली माझ्या पोटात आहे, सोर उल्देरिको. फितीत नाही."

"मग चार मीटर आले कुठून?"

"मला काय विचारता? बादशहाला विचारा. जागा त्याची."

उल्देरिको हसला नाही. त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही. आकडे मनात उलटसुलट करत तो कूस बदलत राहिला, आणि सकाळी दोमितिल्लानं समोर ठेवलेली कॉफी तशीच टाकून निघाला.

तिसऱ्या दिवशी तो फार सावकाश मोजत होता. प्रत्येक वेळी फीत ताणून घ्यायची, कंदील जवळ धरून आकडा वाचायचा, वहीत टिपायचा, मग पुढे. आत दमट गारवा होता. विटांवर पाणी पाझरत होतं. एक हिसका आला. त्यानं आकडा लिहिला. दोन हिसके आले. तो पुढच्या खुणेवर गेला. अशा चार लांब्या झाल्या. पाचवीसाठी फीत ताठ झाली, नेमका एक हिसका आला, आणि त्याच वेळी मागून, खालच्या बाजूनं, कोणीतरी खोकलं.

झेनोबियो वर येत होता. एका हातात कागदात बांधलेला गरम पाव, दुसऱ्यात कच्च्या शेंगांची जुडी आणि चीजचा तुकडा.

"मोजायला लागायच्या आधीच दारातून ओरडून सांगितलं होतं की, पाव आणायला जातोय म्हणून," तो म्हणाला. मग त्याला ताणलेली फीत दिसली. "कुणाबरोबर मोजताय?"

उल्देरिकोच्या बोटांत फीत अजून ताठ होती. बघता बघता ती सैल पडली.

दोघं वर गेले. वाटेवर कोणी नव्हतं. कडी जमिनीवर पडली होती, अगदी जिथे असायला हवी तिथेच. झेनोबियोचा खडू त्याच्या खिशात होता, तरीही उतरताना चारही लांब्यांच्या जागी खुणा दिसल्या, उल्देरिकोनं खडूच्या समजलेल्या. राखेच्या, अंगठ्याएवढ्या रुंद. उल्देरिकोनं वाकून एकीला बोट लावलं. राख कोरडी होती. त्या ओल्या फरशीवर कोरडी.

"माझा मामा इथे तीस वर्षं पहारेकरी होता," बाहेर उन्हात आल्यावर झेनोबियो म्हणाला. पाव दोघांपैकी कोणीच उघडला नव्हता. "कैदी त्याला सांगायचे, भिंतीआडून पावलं ऐकू येतात. जड काहीतरी घेऊन चालल्यासारखी. वर जाताना. उतरताना कधीच नाही."

"कैद्यांना दुसरा उद्योग काय?"

"नाही ना. म्हणूनच ते नीट ऐकायचे."

"उद्या एकदा शेवटचं मोजू."

"पहिल्या दिवसाचा आकडा घाला आणि मोकळे व्हा की!"

"खोटा आकडा घालू? मी?"

झेनोबियोनं पाव खिशात कोंबला. "ठीक आहे. पण उद्या कडी तुम्ही धरायची. मी मागे राहणार, दाराच्या उजेडात."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते आत शिरले. उल्देरिको कडी बोटात अडकवून पुढे निघाला. डाव्या हातात कंदील. फीत ताणली गेली, तसा तो थांबला, खडूनं खूण केली, दोन हिसके दिले. थोड्या वेळानं मागून एक हिसका आला. सगळं व्यवस्थित चाललं होतं. त्याला जरा बरं वाटलं.

सहा लांब्या झाल्या. इथे वाट संपून अस्थींच्या दालनाचं दार लागायला हवं होतं. वाट पुढे वळत होती.

वळणाचा अंदाज चुकला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि तो पुढे गेला. सात. आठ. प्रत्येक वेळी मागून हिसका येत होता, वेळेवर, शहाण्यासारखा. जमीन आता पायाला कोरडी लागत होती. त्यानं कंदील खाली धरला. खाली उखडलेल्या विटा नव्हत्या. पांढऱ्या खड्यांची नक्षी होती, काळ्या काठाची, एकही खडा न निखळलेली. हवेत राळ जळल्याचा वास होता.

"झेनोबियो!"

"धरलंय," आवाज आला. कुठून, ते त्याला सांगता आलं नसतं.

नऊ.

पुढे, वळणाच्या पलीकडे, माणसं होती. बोलत नव्हती. ओझं पेलणारी माणसं टाकतात तसे श्वास टाकत होती. पावलं सगळी एका ठेक्यात पडत होती.

मग तीही थांबली.

उल्देरिको उभा राहिला. कडी बोटात होती. फितीचं दुसरं टोक मागे होतं. पुढे काही नव्हतं.

त्याच्या बाहीला पुढून हिसका बसला.

मग दुसरा.

सोड, आणि पुढे ये.

तो वळला आणि फीत मुठीत गोळा करत पळत सुटला. नऊ लांब्यांची वाट होती. वीसेक पावलं पडली असतील नसतील, तोच दाराचा उजेड दिसला आणि उजेडात झेनोबियो.

म्हाताऱ्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. डबी त्यानं छातीशी धरली होती.

"दोन हिसके दिले नाहीत तुम्ही," तो पुटपुटला. "एकदाही नाही. मी पहिल्या खुणेवरच उभा आहे. फीत आपली सुटत गेली, सुटतच गेली. वीस मीटर कधीच संपले, सोर उल्देरिको. तरी डबी फिरत होती."

डोक्यावर, किल्ल्याच्या गच्चीवर, बाराची तोफ झाली. दोघंही दचकले. उल्देरिकोला वाटत होतं, फार तर पाव तास झाला असेल.

झेनोबियो पुन्हा किल्ल्यात आला नाही. फ्रास्कातीला जावयाच्या द्राक्षमळ्यात राहायला गेला. उल्देरिकोनं नकाशात एकशे बावीस मीटर चाळीस लिहिलं, खाली सही केली, आणि तो नकाशाही दुरुस्तीसाठी परत आला नाही. पण तेव्हापासून त्याला घरात एका जागी बसवेना. जेवताना उठायचा, जिन्यापर्यंत जायचा, परत यायचा.

रविवारी दुपारी दोमितिल्लानं डबी उघडून फीत पुसायला घेतली. चिखलानं ती कडक झाली होती. उल्देरिको खिडकीशी उभा होता.

"वीसनंतर आकडेच नाहीत रे हिच्यावर," ती म्हणाली.

तो वळला. फीत टेबलावरून खाली जमिनीवर पडली होती आणि दोमितिल्ला ती अजून डबीतून ओढतच होती. वीसच्या आकड्यानंतर जाड कापड संपून तलम, पांढरं सूत सुरू झालं होतं. मध्ये शिवण नव्हती, जोड नव्हता. मग शेवट आला. तिथे एक गाठ होती, गाठीच्या पुढे एक मोकळा फास.

दोमितिल्लानं तो फास हातावर घेऊन ओळखीच्या नजरेनं पाहिला. आळीत कोणाचं काही बरंवाईट झालं, की आंघोळ घालायला, कपडे चढवायला तिलाच बोलावत.

"ही तर मेलेल्याची हनुवटी बांधायची पट्टी," ती म्हणाली. आवाज हलका झाला. "कोण गेलं?"

उल्देरिकोनं पट्टी हातात घेतली. ती बाहेरून कोरडी होती. आतल्या बाजूला, तोंड येतं तिथे, ओलसर होती, आणि त्याच्या बोटांखाली ती ओल नुकत्याच सोडलेल्या श्वासासारखी अजून कोमट होती.