जुन्या भट्टीतली ऊब

एक होता पाववाला, एक त्याची बायको, एक त्यांची तान्ही लेक. आणि परसातल्या भिंतीवर बसायची एक कोल्ही. पाववाला म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी तिथंच पाव बांधून द्यायला असायची, तेव्हा ऐकीव नाही, डोळ्यांदेखतचं सांगते.

शहर वाढत वाढत आमच्या दारापुढून निघून गेलं. मागची झाडी गेली, इमारती आल्या. त्या झाडीतली जनावरं जाणार कुठं? कोल्ही आमच्याच पत्र्यावरून हिंडायची. भरदुपारी रस्ता ओलांडायची, तेही गाड्या बघून. भाऊ म्हणायचा, "अक्का, हिला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे."

"तुझ्यापेक्षा म्हणजे फार नाही झाली," मी म्हणायची.

आमच्याकडे वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. भट्टी पेटवायच्या आधी लोखंडी दारावर दांडा वाजवायचा नि जरा थांबायचं. उबेला आत मांजर-बिंजर निजलेलं असतं, ते राखेच्या भोकातून निघून जातं.

त्या थंडीत पावाची मोठी मागणी आली. एक भट्टी पुरेना, म्हणून भावानं बंद पडलेली जुनी भट्टी पेटवली.

"दांडा वाजवलास का रे?"

"अक्का, कधीपासून बंद आहे ती. आत कोण बसलंय?"

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. एकदाच. मग नुसती लाकडं तडतडली.

राख ओढायला गेला तो पांढराफटक होऊन परतला. "पिल्लं होती गं..." एवढंच बोलला. भट्टीला बाहेरून कडी घातली, राखेचं भोक विटांनी बुजवलं, ते पुन्हा उघडलं नाही.

कोल्ही भिंतीवर येऊन बसली. आमच्याकडे बघायचीच नाही. खिडकीतून आत, पाळण्याकडे बघायची.

त्या दिवसापासून पोरीनं दूध तोडलं. छातीशी धरली की तोंड फिरवायची, चमच्यानं घातलं की ओठांतून गाळायची. डॉक्टर म्हणाले, रोग काही दिसत नाही. भावजय तिला घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"वन्सं, हिचं वजनच लागत नाही हो हाताला... नुसती दुपट्यातली हवा."

एका सकाळी रस्ता झाडणाऱ्या बाईनं सांगितलं, कोल्ही वळणावर गाडीखाली मेली. तिनं स्वतः उचलून नेली होती. "थानांत दूध होतं हो अजून," ती म्हणाली.

"सुटलो," भाऊ पुटपुटला.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला भावजयीची किंकाळी ऐकू आली. पाळणा हलत होता. आत पोर नव्हती.

दारं बंद, खिडकी बंद. पाट्या उलथ्या केल्या, मैद्याची पोती सरकवली, पलंगाखाली शिरलो. मग भाऊ एकदम हात वर करून थांबला.

"ऐक..."

टक्. टक्.

जुन्या भट्टीच्या दारावर. आतून. आम्ही वाजवायचो तस्संच... आणि मग जरा थांबल्यासारखं.

भावजयीनं भावाला बाजूला ढकललं नि कडी काढली. कडी बाहेरूनच लागलेली होती. विटाही जागच्या जागी.

आतून ऊब आली. ओल्या केसाळ अंगाचा वास आला. पोर राखेत निजली होती, मूठ सैल सोडून. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब.

"अक्का... कडी तर..."

"बोलू नकोस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं पुन्हा आईचं दूध थुंकलं. संध्याकाळपर्यंत तिचं रडणंही दमलं. तेव्हा भावजय माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, माझ्यानं नाही व्हायचं. तुम्हीच ठेवा तिला आत."

मी ठेवली. दार लोटलं. आतून वाजलं तेव्हा उघडलं.

चालायला लागेपर्यंत रोज असंच चाललं. पोर गुबगुबीत झाली. आमच्या पावालाही कुठून कोण जाणे अशी चव आली, की गिऱ्हाइकांची रांग वळणापर्यंत जायला लागली. घरावर मजला चढला. आज दुकान तीच चालवते, कधी आजारी म्हणून पडली नाही. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, तसं आमचं झालं.

पण त्या पहिल्या संध्याकाळी मी वाकून तिला आत ठेवत होते ना, तेव्हा अंधारात राख हलली. लहान लहान काहीतरी बाजूला सरकलं... तिला जागा करून दिल्यासारखं.