गो टू घर

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. आणि वहिनी म्हणजे पालीला 'सरक बाजूला' म्हणून भांडी घासणारी बाई.

रविवारची दुपार. औषधांच्या गोदामावरचं ऑफिस. खाली वॉचमन, वर एकटी वहिनी.

कोणत्या गाडीत कुठलं औषध जाणार, हे ठरवणारा प्रोग्रॅम फार जुना. कोबॉलमधला. लिहिलेला अण्णांनी. अण्णा म्हणजे वहिनीला काम शिकवणारे साहेब. ते मागच्या वर्षी गेले.

कोबॉलमध्ये ओळींच्या गठ्ठ्याला नाव देतात. तेच लेबल. 'गो टू' लिहून लेबल दिलं, की प्रोग्रॅम थेट तिथे उडी मारतो. शेवटी पूर्णविराम हवाच.

वहिनी बिनकामाची लेबलं काढत होती.

तेवढ्यात मागे की-बोर्ड वाजला.

टक... टक...

मागे अण्णांचं टेबल. त्यावरचा की-बोर्ड तर कधीच उचलून नेला होता.

तिने वळून पाहिलं. कोणी नाही.

परत स्क्रीनकडे बघते तर... एक नवी ओळ. इंग्रजी अक्षरांत.

गो टू घर.

"म्हटलं, माझाच हात लागला असेल," वहिनी सांगते.

तिने ओळ पुसली. प्रोग्रॅम चालवला.

अडला.

'घर' नावाचं लेबल सापडत नाही.

"अगं बाई, पुसली की मी!"

ओळ परत आली होती... पूर्णविरामासकट.

मागे पुन्हा टकटक. या वेळी घाईघाईने.

घरी आई एकटी होती. वहिनीने फोन लावला. नुसता वाजत राहिला...

ती धावतच जिना उतरली.

आई बाथरूममध्ये पडली होती. डोकं फुटलेलं, पण शुद्धीवर. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या.

आई आता ठणठणीत आहे. मीच धड नाही.

कारण आई कडी लावल्याशिवाय बाथरूममध्ये जात नाही. त्या दिवशीही लावली होती, असं ती छातीठोक सांगते.

वहिनी पोचली तेव्हा बाथरूमचं दार सताड उघडं होतं.

"मग कडी काढली कोणी?" मी विचारलं.

"हिच्या ऑफिसातले ते," आईने वहिनीकडे बोट दाखवलं. "म्हणाले, निरोप धाडलाय, येईल ती."

वहिनी पांढरीफटक पडली. आईने अण्णांना कधीच पाहिलेलं नव्हतं.

"इतकं केलं त्यांनी," आई म्हणाली, "तसंच कसं पाठवायचं? मी म्हटलं, थांबा आता इथेच."

त्यावर ते काय म्हणाले, हे मी विचारलं नाही.

अजूनही विचारलेलं नाही...