पायाळू नलूचा गुडघा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्यानं दारव्ह्याला येऊन नलूला विचारावं. ती उठून दारापर्यंत येणार नाही, खाटेवरूनच सांगेल.

गेल्या कार्तिकातला मंगळवार. भर दुपार.

नलू जन्मताना पायांकडून आली, म्हणून पायाळू. कोणाची पाठ लचकली की तो माणूस तिच्यापुढं पालथा पडायचा आणि तिचा घोटा धरून उजवा पाय पाठीवर ठेवून घ्यायचा. शेजारची गंगी तर रोज यायची, खरखरीत हातांनी घोटा गच्च धरायची.

गंगी भादव्यात वारली.

पुढं नलूचा उजवा गुडघा चालताना निसटू लागला. ऑपरेशन सांगितलं तर कापूस वेचायचा हंगाम हातचा जाणार, ही धास्ती. तरी त्या मंगळवारी सुनेला, मोनालीला घेऊन ती दवाखान्यात गेली.

सलील डॉक्टरांनी तिला निजवलं. पायाला पट्ट्यांनी यंत्र बांधलं. यंत्राची मूठ धरून नडगी पुढं ओढायची, आतलं लिगामेंट किती सैल झालं ते काटा दाखवतो. आधी धड पाय, मग दुखरा.

“फार फरक नाही, मावशी. पट्टा बांधून भागेल.”

“लोकायच्या पाठी तुडवून झिजला तो,” मोनाली म्हणाली. “आता तिकीट लावा, आत्याबाई.”

नलू हसली. कितीतरी दिवसांनी.

सलीलनं मूठ सोडली.

काटा सरकला...

“मावशी, पाय ओढू नका.”

“मी कायले ओढू? मी त पडून आहो.”

यंत्राला कोणाचाच हात नव्हता. काटा पुढं जात होता... पट्टा करकरला.

नलूच्या घोट्याभोवती दोन तळवे आवळले. खरखरीत. ओळखीचे.

सलीलनं पट्टे सोडून पुन्हा बांधले, पुन्हा मोजलं. काटा थेट टोकाला टेकला.

“ऑपरेशन करावं लागेल,” तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

वेचणी नलूशिवाय झाली. आता ती दिवसभर खाटेवर असते. दुपारी घर गप्प झालं की पाय आपोआप पुढं सरकतो...

पायाच्या तळव्याखाली काहीतरी गार लागतं. मग एकेक मणका.

“देतो न माय दाबून,” ती डोळे मिटूनच म्हणते. “पण हळू ओढ. थकलो मी आता.”

परवा मोनालीनं विचारलं, ऑपरेशनला कधी जायचं?

नलूनं घोट्यावरून हात फिरवला.

“गुडघा त शिवतीन ते,” ती म्हणाली. “पण हे हात कोन सोडवन?”